कासच्या फुलांचे फोटो फसतात कुठे? चौकट आणि प्रकाश सांभाळण्याच्या सोप्या युक्त्या

ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांचा हंगाम असतो. गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, निळसर-जांभळी सीतेची आसवं, पांढऱ्या गुंड्यांसारखे गेंद. या काळात पठारावर पोहोचणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या हातात मोबाइल किंवा कॅमेरा असतो. पण घरी येऊन गॅलरी उघडली की अनेकांची निराशा होते. डोळ्यांना फुलांचा गालिचा दिसला होता, फोटोत मात्र गवत, माती आणि मधेमधे रंगीत ठिपके दिसतात. जवळून काढलेल्या फुलाच्या पाकळ्या पांढऱ्या पडलेल्या असतात, नाहीतर मागे कुणाची तरी लाल पिशवी आलेली असते.

यात कॅमेऱ्याचा दोष क्वचितच असतो. फोटो फसण्यामागे बहुतेक वेळा तीन कारणं असतात: कॅमेरा किती उंचीवर धरला, फुलाच्या मागे काय होतं आणि प्रकाश कोणत्या प्रकारचा होता. या तिन्ही गोष्टी पैसे न खर्चता बदलता येतात. आणि कासपुरतं बोलायचं तर त्या फुलांमध्ये पाय न टाकताही बदलता येतात. तीच खरी कसोटी आहे.

उभ्यानं काढलेला फोटो सपाट का येतो?

पठारावरची बरीच फुलं वीतभर उंचीची असतात, काही तर बोटभरच. माणूस उभा राहून खाली बघतो तेव्हा कॅमेरा जमिनीकडे रोखलेला असतो. अशा वेळी फुलाची पार्श्वभूमी म्हणजे त्याच्याखालची माती आणि गवत. ती फुलापासून जेमतेम १०-१५ सेंटिमीटर दूर असते. फूल आणि जमीन यांत अंतरच नसल्यामुळे दोन्ही तितकंच स्पष्ट दिसतं आणि फूल गवतात हरवतं.

आता तोच कॅमेरा फुलाच्या उंचीवर आणला तर काय होतं? फुलामागची जमीन चौकटीतून जवळपास नाहीशी होते. तिच्या जागी २०-३० मीटरवरचा उतार, धुकं किंवा आकाश येतं. ते इतकं दूर असतं की आपोआप धूसर होतं आणि फूल सुटं दिसू लागतं. पार्श्वभूमी धूसर करण्यासाठी महागडी लेन्स लागते, असा समज आहे. लेन्सचा उपयोग होतोच, पण फुलामागचं अंतर वाढवणं हा त्याहून सोपा आणि फुकटचा उपाय आहे.

फुलाच्या उंचीवरून बघितल्यावर आणखी एक फरक पडतो. वरून बघताना न दिसणारा फुलाचा बाजूचा आकार दिसतो. सीतेच्या आसवांचा नाजूक देठ, पुढे आलेली ओठासारखी पाकळी आणि मागचं निमुळतं टोक वरून कळत नाही. ते समोरून किंवा बाजूनंच बघावं लागतं.

खाली वाकायचं, पण कुठे?

इथेच घोटाळा होतो. फुलांच्या उंचीवर जायचं म्हणून अनेक जण थेट फुलांतच बसतात किंवा आडवे होतात. एका फोटोसाठी मागची-बाजूची कितीतरी रोपं चिरडली जातात.

कासचं पठार जांभ्या खडकाचं आहे. त्यावर मातीचा अगदी पातळ थर आहे आणि सगळी फुलं त्या थराच्या आणि पावसाच्या जोरावर काही आठवड्यांत आपलं आयुष्य उरकतात. तेरड्यासारखी रोपं एका पावसाळ्यापुरतीच असतात. बी तयार होण्याआधी ती चिरडली, तर पुढच्या वर्षासाठी त्या जागी पडणारं बीही कमी होतं. पायाखाली माती घट्ट दाबली जाते ते वेगळंच. पश्चिम घाटातल्या ज्या ठिकाणांना युनेस्कोनं २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कासचा समावेश आहे. त्यामुळे पायवाट सोडायची नाही, हा फोटोचा पहिला नियम आहे.

पायवाटेवरूनही खालच्या उंचीचा फोटो मिळतो. त्यासाठी काही युक्त्या आहेत.

- मोबाइल उलटा धरा. बहुतेक फोनमध्ये लेन्स वरच्या टोकाला असते. फोन उलटा केला की लेन्स जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर येते. तुम्ही पायवाटेवर उकिडवे बसलात तरी कॅमेरा फुलाच्या उंचीवर जातो.
- वाटेच्या कडेचं फूल निवडा. पठारभर तीच फुलं असतात. आत दिसणारं फूल कडेच्या फुलाहून वेगळं असतंच असं नाही.
- कॅमेऱ्याची स्क्रीन बाहेर वळत असेल तर ती वापरा. झोपून व्ह्यूफाइंडरला डोळा लावायची गरज उरत नाही.
- झूम लेन्स असेल तर २०० किंवा ३०० मिलिमीटरवर ठेवा. वाटेवर बसूनच थोडं आतलं फूल टिपता येतं आणि पार्श्वभूमीही जास्त धूसर होते.

आधी पार्श्वभूमी, मग फूल

फूल सुंदर दिसलं की नजर त्याच्यावरच खिळते. कॅमेरा मात्र चौकटीतलं सगळं सारख्याच इमानदारीनं टिपतो. म्हणून क्रम उलटा ठेवावा. आधी साफ पार्श्वभूमी शोधावी, मग तिच्यापुढे येणारं फूल निवडावं.

फुलाच्या मागे पांढरा ठिपका, चमकणारं पान, आडवी काडी किंवा माणूस असेल तर नजर तिकडे ओढली जाते. अशा वेळी कॅमेरा एक-दोन इंच डावीकडे, उजवीकडे किंवा खाली सरकवून बघावं. फूल जवळ आणि मागची वस्तू दूर असल्यामुळे एवढ्याशा हालचालीनंही मागचं दृश्य बरंच बदलतं. आड येणारी गवताची काडी उपटू नये. ती हलकेच बाजूला धरावी आणि फोटो झाला की सोडून द्यावी.

रंगांचाही विचार करावा. जांभळ्या सीतेच्या आसवांमागे दूरवरची पिवळी सोनकी धूसर आली तर दोन्ही रंग खुलतात. पांढरा गेंद मात्र पांढऱ्या आकाशापुढे दिसेनासा होतो, त्याला गडद हिरवी पार्श्वभूमी लागते.

साध्या पार्श्वभूमीचं महत्त्व नवं नाही. जर्मन छायाचित्रकार कार्ल ब्लॉसफेल्ट यांनी साध्या, कोऱ्या पार्श्वभूमीवर वनस्पतींचे जवळून फोटो काढले. १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकामुळे ते जगभर पोहोचले. त्यात रंग नव्हते, नजर खिळत होती ती आकारांवर.

फूल चौकटीत कुठे ठेवायचं?

‘तीन भागांचा नियम’ बहुतेकांनी ऐकलेला असतो. चौकटीचे आडवे आणि उभे तीन-तीन भाग करायचे आणि रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे फूल ठेवायचं. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘ग्रिड’ सुरू केलं की या रेषा स्क्रीनवर दिसतात.

हा नियम सुरुवातीला उपयोगी पडतो, कारण फूल बरोबर मधोमध ठेवायची सवय त्यानं मोडते. पण तो डोळे झाकून पाळायचा नसतो. गेंदासारखं गोल, चहूबाजूंनी सारखं फूल मधोमधही छान दिसतं. ज्या फुलाला ‘तोंड’ असतं, त्याचं तसं नाही. ते ज्या दिशेला बघतं त्या बाजूला मोकळी जागा सोडावी. ती जागा नसेल तर फूल भिंतीला तोंड लावून उभं असल्यासारखं वाटतं.

उंच दांड्यावरच्या फुलांसाठी फोन उभा धरावा. अनेक फुलं असतील तर सगळी घ्यायचा मोह टाळावा. एक फूल मुख्य ठरवावं, ते स्पष्ट ठेवावं आणि बाकीची सोबतीला असू द्यावीत. शेवटी चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवावी. अर्धं कापलेलं फूल किंवा कोपऱ्यातून घुसलेलं पान तिथेच सापडतं.

गालिचा फोटोत का येत नाही?

गालिच्याचा फोटो फसण्याचं कारणही उंचीच असतं. वरून बघितलं की दोन फुलांमधली मोकळी जागा दिसते. कॅमेरा खाली आणून तिरक्या, जवळजवळ सपाट कोनातून बघितलं की मागच्या फुलांमधली जागा पुढच्या फुलांआड लपते आणि रंगाचा सलग पट्टा तयार होतो.

दुसरं कारण लेन्स. मोबाइलची नेहमीची लेन्स बरंच मोठं दृश्य कवेत घेते, त्यामुळे लांबची फुलं टाचणीच्या टोकाएवढी होतात. फोनमध्ये दोन किंवा तीन पट झूमची स्वतंत्र लेन्स असेल तर ती वापरावी. फुलांच्या रांगा एकमेकींजवळ आल्यासारख्या दिसतात आणि गालिचा दाट वाटतो. बोटांनी स्क्रीन ताणून केलेलं डिजिटल झूम मात्र टाळावं, त्यात तपशील जातो.

नुसता गालिचा एकसुरी वाटू शकतो. त्यात नजर टेकायला एखादी जागा हवी: वळत गेलेली पायवाट, काळा दगड, एकटं झाड किंवा वेगळ्या रंगाचं एकच फूल.

ऊन चांगलं की ढगाळ हवा?

पठारावर ढग आले की अनेक जण कॅमेरा बंद करतात. फुलांसाठी खरं तर हीच वेळ उत्तम असते.

प्रकाश कडक की मऊ, हे प्रकाशाचा स्रोत किती मोठा दिसतो त्यावर ठरतं. सूर्य प्रचंड असला तरी आपल्याला आकाशात अर्ध्या अंशाएवढाच दिसतो. एवढ्याशा जागेतून येणाऱ्या प्रकाशाची सावली धारदार पडते. दुपारच्या उन्हात पाकळीचा एक भाग पांढरा फटक आणि दुसरा काळाकुट्ट होतो. ढग आले की तोच प्रकाश पसरतो आणि सगळं आकाश एक मोठा दिवा होतं. सावल्या विरतात, पाकळीवरच्या रेषा दिसतात, रंग भरदार वाटतो. स्मिथियाच्या पिवळ्या पाकळ्यांवर दोन लाल ठिपके असतात, म्हणून त्याला ‘मिकी माउस’ म्हणतात. ते ठिपके अशाच मऊ प्रकाशात सर्वांत स्वच्छ येतात.

ढगाळ प्रकाशाची एक अडचण आहे. पांढरं आकाश चौकटीत आलं की ते निर्जीव दिसतं. उपाय सोपा आहे. आकाश शक्यतो चौकटीबाहेर ठेवावं.

ऊन असेल तर सकाळ किंवा संध्याकाळ निवडावी. सूर्य खाली असताना प्रकाश बाजूनं येतो आणि त्याचा रंगही उबदार असतो. कासला हंगामात प्रवेशाच्या वेळा ठरलेल्या असतात, त्यामुळे सूर्योदयाचा प्रकाश मिळेलच असं नाही. तरी दुपारपेक्षा सकाळचा पहिला टप्पा बरा. वाराही त्या वेळी अनेकदा कमी असतो.

प्रकाश कोणत्या बाजूनं यावा?

- समोरून: सूर्य तुमच्या पाठीशी असतो. रंग नीट दिसतात, पण फूल सपाट वाटतं. शिवाय तुमचीच सावली फुलावर पडू शकते.
- बाजूनं: एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला हलकी सावली. गोलाई आणि खडबडीतपणा उठून दिसतो. गेंदाच्या गुंडीसाठी हा प्रकाश चांगला.
- मागून: सूर्य फुलाच्या पलीकडे असतो. तेरड्यासारख्या पातळ पाकळ्यांतून प्रकाश आरपार येतो आणि फूल आतून उजळल्यासारखं दिसतं. कीटक पकडणाऱ्या दवबिंदू या वनस्पतीच्या केसांवर चिकट थेंब असतात. तेही मागच्या प्रकाशात मण्यांसारखे चमकतात. मात्र लेन्सवर थेट ऊन पडलं तर फोटो फिका होतो, म्हणून लेन्सवर हाताची सावली धरावी.

गेंदाच्या जाड गुंडीतून प्रकाश आरपार जात नाही. तिथे मागचा प्रकाश कडेला फक्त उजळ रेष काढतो. कोणत्या फुलाला कोणता प्रकाश शोभेल, हे पाकळी किती पातळ आहे ते बघून ठरवता येतं.

छत्री आणि वहीचा कागद

दुपारीच पोहोचला असाल तर कडक प्रकाश मऊ करता येतो. पांढरी, थोडी पारदर्शक छत्री फूल आणि सूर्य यांच्या मधे धरली की लहानसा ढगच तयार होतो. ती जितकी फुलाजवळ, तितका प्रकाश मऊ. छत्री लाल किंवा निळी असेल तर तिचा रंग फुलावर सांडतो, त्यामुळे तशी छत्री टाळावी. काळ्या छत्रीनं फक्त सावली मिळते. तीही उन्हापेक्षा बरी, पण मागची जमीन उन्हात राहिली तर फोटोत ती पांढरी फटक येते. म्हणून पार्श्वभूमीही सावलीतली निवडावी.

फुलाची खालची किंवा पुढची बाजू काळोखी असेल तर वहीचा पांढरा कागद जवळ धरावा. त्यावरून परतणारा प्रकाश सावली हलकी करतो. मोबाइलचा फ्लॅश मात्र बंदच ठेवावा. तो समोरून आणि कडक पडतो, पाकळी चमकते आणि मागचं सगळं काळं होतं.

रंग आणि उजेड का बिघडतात?

कॅमेरा फोटोतला एकूण उजेड मध्यम पातळीवर आणायचा प्रयत्न करतो. पांढऱ्या गेंदांनी चौकट भरली की त्याला दृश्य फार उजळ वाटतं आणि तो गेंद करडे करतो. अशा वेळी एक्सपोजर थोडं वाढवावं. उलट गडद हिरवळीत एकच पांढरा गेंद असेल तर कॅमेऱ्याला दृश्य अंधारं वाटतं. तो उजेड वाढवतो आणि फुलातला तपशील जातो. तेव्हा एक्सपोजर कमी करावं.

गुलाबी तेरडा आणि पिवळी सोनकी यांची अडचण वेगळी आहे. कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांची नोंद करतो. भडक गुलाबीत लाल आणि पिवळ्यात लाल-हिरवा हे रंग मर्यादेपलीकडे जातात. फोटो एकूण ठीक दिसला तरी पाकळी रंगाचा सपाट डाग होते, तिच्यावरच्या शिरा पुसल्या जातात. यासाठी फोटो किंचित काळपट घ्यावा आणि नंतर उजळावा.

बहुतेक फोनमध्ये फुलावर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्सपोजर लॉक होतं. त्यानंतर बोट खाली सरकवलं की उजेड कमी होतो. एडिटिंग करताना ‘सॅच्युरेशन’ फार वाढवू नये. आधी जपलेला तपशील त्यातच पुन्हा जातो.

फोकस, वारा आणि धुकं

फुलाच्या जितकं जवळ जावं, तितका स्पष्ट दिसणारा भाग कमी होतो. मॅक्रो लेन्सनं फूल सेन्सरवर प्रत्यक्षाएवढं मोठं टिपलं, तर फुल-फ्रेम कॅमेऱ्यात एफ/८ वरही साधारण एक मिलिमीटरच जाडीचा भाग स्पष्ट येतो. म्हणून काय स्पष्ट हवं ते आधी ठरवावं. बहुतेक वेळा ते फुलाचं केंद्र किंवा सर्वांत पुढची पाकळी असते. कॅमेरा फुलाच्या मुख्य पृष्ठभागाला समांतर धरला तर फुलाचा अधिक भाग स्पष्ट येतो. फोनच्या मॅक्रोमध्ये फार जवळ गेल्यास फोनचीच सावली पडते. किंचित मागे येऊन झूमची लेन्स वापरून बघावी. पोर्ट्रेट मोडही जपून वापरावा, पातळ देठ आणि पाकळ्यांच्या कडा तो अनेकदा खाऊन टाकतो.

पठारावर वारा सतत असतो. १/५०० सेकंदाच्या आसपासचा शटर स्पीड हलणारं फूल बऱ्यापैकी थांबवतो. त्याहून सोपं म्हणजे वाट बघणं. दोन झुळकांच्या मधे फूल क्षणभर स्थिर होतं. तेव्हा सलग पाच-सहा फोटो घ्यावेत.

धुकं आलं तर थांबू नये. मागची गर्दी, गाड्या, कुंपण सगळं त्यात विरतं आणि जवळचं फूल तेवढं उरतं. धुकं उजळ असल्यानं कॅमेरा फोटो काळवंडतो, म्हणून एक्सपोजर जरा वाढवावं. पावसात लेन्स पुसायला सुती रुमाल जवळ असावा. ओल्या पानांची चकाकी खटकत असेल तर कॅमेऱ्याला पोलरायझर फिल्टर लावता येतो. त्यानं चकाकी कमी होते, पण प्रकाशही घटतो, हे लक्षात ठेवावं.

शटर दाबण्यापूर्वी

पाच प्रश्न पुरेसे आहेत. कॅमेरा फुलाच्या उंचीवर आहे का? मागे नजर ओढणारं काही आहे का? प्रकाश कुठून येतोय आणि तो या पाकळीला शोभतो का? पाकळीतला तपशील दिसतोय की रंगाचा नुसता डाग? आणि पाय कुठे आहेत?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘पायवाटेवर’ नसेल तर आधीच्या चारांची उत्तरं शोधायची गरज नाही. दुसरं फूल बघावं. हाच सराव घरच्या कुंडीतल्या जास्वंदीवर करून गेलात तर पठारावर वेळ कमी लागेल. जास्वंदीचा लाल रंग कॅमेऱ्याला तेरड्याइतकाच अवघड जातो, आणि तिच्याभोवती तुडवलं जाईल असं काही नसतं.